माझ्या बसमधला बोलका डबा

ती. दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, म्हणून तो कागदावरच घातला आहे). तुमची कंबर कशी आहे? वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? इकडे सगळे ठीक. मी तर जरा जास्तच ठीक, कारण काल डेपोत माझा सत्कार झाला.

त्याचं असं झालं. आमच्याकडे नव्या इंजिनीअरबाई आल्या आहेत. त्यांनी प्रत्येक बसमध्ये एक डबा बसवला. ज्या गाड्यांत असे डबे आहेत, त्या म्हणे बिनतारी एकमेकींशी बोलतात: मी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक दाबला की नाही. पुढे धोका असला की आपला डबा ओरडतो. मी बाईंना म्हणालो, "सव्वीस वर्षांत एक ओरखडा नाही. हा मला काय शिकवणार?" (रिव्हर्स घेताना पाडलेला डेपोचा नळ मी ओरखड्यात धरत नाही. तुम्हीही धरू नका.) पहिला आठवडा नुसता छळ. गल्लीतून कचरागाडी निघाली तरी हा आपल्या थोरल्या आत्यासारखा "सावकाश, सावकाश" करी.

सोमवारी घाटात बसमध्ये अडतीस माणसं होती. वळणाआधी डबा म्हणाला, "पुढे वाहन थांबले आहे." समोर रस्ता मोकळा. तो पुन्हा म्हणाला. मागून एक आजोबा म्हणाले, "डॉक्टरची वेळ आहे हो, चला लवकर." तिसऱ्यांदा डबा ओरडला आणि मी बस कडेला घेऊन थांबवली. कंडक्टर वळणापलीकडे गेला तो पांढराफटक होऊन परत आला. काचांनी भरलेला ट्रक रस्त्यात आडवा, आणि ड्रायव्हर चाकाखाली दगड लावतोय. त्याच्याकडेही असाच डबा होता. दादा, वळण आणि ट्रक यांत ब्रेक लागण्याइतकी जागाच नव्हती. आजोबा उतरून ट्रक पाहून आले आणि माझा हात धरून बसले.

सत्कारात मी 'अनुभवी नजर' या विषयावर पंधरा मिनिटं बोललो. डब्याचा उल्लेख तेवढा राहिला. इंजिनीअरबाई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या आणि थोड्या हसतही होत्या.

तुमचा,
धाकटा

ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. बस थांबवली ती डब्याची वायर उपटायला. कंडक्टर वळणापलीकडे गेला तो आडोसा शोधायला. तो धावत आला तेव्हा वायर माझ्या हातात होती. येत्या सोमवारी बाई सगळे डबे तपासणार आहेत, तेव्हा वायरमन जावईबापूंना रविवारी इकडे पाठवाच.

आणखी एक. जोडताना आवाज कमी करू का, असं ते विचारतील. नको म्हणावं. गेले चार दिवस घाट चढताना बसमध्ये फार शांतता असते, आणि ती मला सोसत नाही.