बाहीखालचा हात

प्रिय बाबा,

आज दुपारी आईला सलाईन लावली. कारंज्याच्या त्याच दवाखान्यात. छातीत कफ झालाय, काळजीचं नाही म्हणतात. पण आईनं सुईसाठी हात पुढे केला आणि मला तुमचा हात दिसला. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी खूप भांडले, आज कागदावर भांडते.

तुम्हालाही कफच झाला होता ना? डॉक्टर रोज शिरेतून औषध देणार म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, "दिवस बुडाल्यावर सलाईन चालते काय? मी रात्री पाणी बी घेत नाही." डॉक्टर हसले नाहीत, ते मला आवडलं. "काका, दुपारीच संपवू. संध्याकाळी घरी जा," म्हणाले. रोज नव्यानं टोचायला नको म्हणून सुई हातातच ठेवली. भिजवू नका, दुखलं किंवा लाल झालं तर लगेच या, असं बजावलंही.

आणि तुम्ही काय केलंत? सकाळी आंघोळ, देवळात अभिषेक आणि तिथून थेट दुकान! पट्टी भिजली, वर तुरीच्या डाळीची भुकटी बसली. आई चिडली तर म्हणालात, "हाताले काय होते? दुखणं तर छातीचं आहे."

मी मंगरूळपीरला जाऊन परत आले तेव्हा भर उन्हाळ्यात तुम्ही पूर्ण बाहीचा सदरा घालून गल्ल्यावर बसला होतात. चहाचा कप उजव्या हातानं, सुटे पैसेही उजव्याच हातानं. डावा हात मांडीवरून हलेना. विचारलं तर, "काही नाही बाई, तू जेव आधी." दुखायला लागल्यापासून दवाखान्यातही गेला नव्हतात, हे मागाहून कळलं. संध्याकाळी हुडहुडी भरली तेव्हा आम्ही बाही वर केली. हात कोपरापर्यंत लाल आणि तापलेला.

रात्रीच तुम्हाला अकोल्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, सुईच्या वाटेनं जंतू रक्तात गेले. तिथं तुम्ही मला हळूच सांगितलंत, "त्या सिस्टर पोरीले माही शीर लय मुश्किलीनं सापडली होती. हात दाखवला असता तर तिले बोलणी बसली असती." तिला बोलणी बसू नयेत म्हणून, बाबा? तुमच्या या चांगुलपणाचा मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही तर पाणी दुहेरी कापडातून गाळणारे. गाळलं की कापड उलटं करून त्यात अडकलेले जीव परत विहिरीत सोडायचे. मी लहानपणी म्हणायची, यात तर काहीच दिसत नाही. तुम्ही म्हणायचात, "दिसत नाही म्हणून नाहीत काय?" मग त्या भिजक्या पट्टीखाली काय असेल, हे तुम्हालाच कसं सुचलं नाही?

आज सुई लावायला तीच सिस्टर आली. मी जरा घाबरतच विचारलं, हात धुतले का? "धुतले ताई, पण तुमच्यासमोर पुन्हा धुते," म्हणाली आणि धुतले. मग तिनं मला ओळखलं. आईच्या हातावर चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, "काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी तेव्हाच सुई काढली असती. मला कोण कशाला बोललं असतं?"

मी आईची पट्टी कोरडी आहे ना, ते बोटानं चाचपून बघितलं.

ती गेल्यावर आईनं सुईच्या हातावर पदर ओढून घेतला. मी बाजूला केला. "राहू दे वो, भेटायले येणाऱ्याईले कसं दिसते ते," म्हणाली. मी म्हटलं, दिसू दे.

बाबा, आईचा रात्रीचा नेम मी मोडू देणार नाही. तिचंही औषध दुपारीच संपेल. पण हातात सुई ठेवून ती घरी येणार नाही, रोज नव्यानं टोचावं लागलं तरी चालेल, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिचा हात मी स्वतः उजेडात बघेन. तिला दुखत नसलं तरी बघेन.

पदर तिच्या डोक्यावर राहील. हात उघडाच ठेवणार आहे मी.

तुमची,
नंदा