कर्नलसाहेबांची घाटाखालची मोहीम

कार्तिक शुद्ध एकादशी, शके १८३४. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मोमिनाबादच्या छावणीत म्हणे एक गोरा साहेब रोज लिहायचा आणि मग चहा घ्यायचा. आपल्याकडे चहा नाही. दूध होतं, ते मांजरानं सांडलं.

पहिल्या पानावर नावगाव घालायची रीत असते म्हणून घालतो. नाव बद्रीनाथ, धंदा शिंप्याचा, गाव चौसाळ्याच्या बाजाराला लागून. पण गावात मला बद्रीनाथ म्हणतंय कोण? कर्नल म्हणतात. चंपाषष्ठीला खंडोबाच्या जत्रेत सोंगं निघतात, त्यात कर्नलसाहेबाचं सोंग माझं. छावणी मोडली तेव्हा लिलावात लाल कोट घेतला होता, पितळी बटणांचा. मापात मीच बसवला. मिशी लावून लेफ्ट-राइट करत येतो, चोर धरतो, तोंडानं बंदूक उडवतो. लोक पोट धरून हसतात. ते भीतीनं हसतात. माणूस लई भ्याला की हसतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

निश्चय: रोज पहाटे परेड. मिशी खरी वाढवायची. बायकोला, म्हणजे छबुबाईला, धाकात ठेवायचं.

शुद्ध द्वादशी.
परेड झाली नाही. गल्लीच्या तोंडाला कुत्रं बसलं होतं. काळं. उद्या दुसऱ्या बाजूनं जाईन.

शुद्ध त्रयोदशी.
दुसऱ्या बाजूला पण कुत्रं. तेच असावं.

दुपारी सुग्रीव ओढ्यात रुतलेली गाडी खांद्यानं उचलायला गेला. त्याच्याकडं मारुतीचं सोंग आहे ना. आमच्या गावची चालच तशी. ज्यानं जे सोंग घेतलं, त्यानं वर्षभर ते नाव निभवायचं. देवापुढं भंडारा उचलून कबूल केलेलं असतं. मारुतीनं रुतल्या गाडीला खांदा द्यायचा. म्हाताऱ्या विठ्ठलरावांकडं वैद्याचं सोंग, ते खोकला झालेल्या कुणालाही काढा देतात आणि खोकला वाढवतात. कर्नलनं गावाचं रक्षण करायचं. न निभवलं तर सोंग उतरवून दुसऱ्याला देतात.

मी सोंग घेतल्यापासून मला कुणीच बोलावलं नाही. म्हणजे माझ्या नुसत्या नावानंच मुलूख शांत आहे.

कार्तिक पौर्णिमा. दिवेलागण.
बोलावणं आलं.

सटवा धनगर आला होता. त्याची बहीण कडूबाई मांजरसुंब्याच्या घाटाखाली मेंढरं घेऊन बसलीय. एकटीच असते, नवरा वारला. तिथं बिबट्या येतोय. आधी मेंढरू नेलं, मग राखणीचं कुत्रं. सटवा म्हणाला, कर्नलसाहेब, तुमी या, सोंगाचा कोट घालून या, तुमच्याबिगर न्हाई जमायचं.

मी म्हणालो, येतो. म्हणजे तोंड म्हणालं. तो गेल्यावर सुईत दोरा जाईना. छबुबाईनं ओवून दिला. मग लगेच कोट झटकायला काढला. तिची ही घाई मला आवडत नाही.

कार्तिक वद्य प्रतिपदा.
मोहिमेचा प्लॅन: १) शत्रूचा अभ्यास. २) शत्रूला बेसावध ठेवणं, म्हणजे घाई न करणं. ३) उरलेलं नंतर.

अभ्यास केला. सुग्रीवला विचारलं बिबट्या कसा असतो. तो म्हणाला, तो झाडावर बी चढतो. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

वद्य तृतीया.
निघणार होतो. बुटात खिळा वर आलाय. सैन्य पायावर चालतं.

वद्य पंचमी.
ताप. छबुबाईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, रांजणासारखं गार हाय. आतला ताप असतो तो बाहेर कळत नाही, हे मी तिला समजावलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, जायचं नसंल तर जाऊ नका, मी काय मागं लागले न्हाई. पण मग कर्नल म्हणवून बी घेऊ नका.

धाकात ठेवायचं राहूनच गेलं.

वद्य सप्तमी.
अर्जुनराव पाटलांनी चावडीवर बोलावलं. पाटील ओरडत नाहीत, हळू बोलतात, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाले, बद्रीनाथ, त्या बाईची आणखी दोन कोकरं गेली. तू जाणार हायेस का न्हाई? चंपाषष्ठीपर्यंत गेला न्हाईस तर सोंग उतरवू. रीत ती रीत.

ते मला बद्रीनाथ म्हणाले. भर चावडीवर.

घरी येऊन जेवलो नाही. खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. बिबट्याचं भ्या वाटतंय, लई वाटतंय. पण कोट गेला तर मी कोण? अरे बद्रीनाथ, बटण तुटलंय. अरे बद्रीनाथ, नाडी घाल. एवढंच राहील. बाजारात पोरं रस्ता सोडून सलाम ठोकतात, तेवढंच माझं आहे.

उद्या जाणार. परवा नक्की.

वद्य नवमी.
गेलो. कोट, मिशी, बाभळीची तलवार, सगळा ड्रेस.

वेशीच्या पुढं झुडपात काहीतरी खुसफुसलं. मी ताबडतोब उंचावरची पोझिशन घेतली. झाड बाभळीचं निघालं. बिबट्या झाडावर चढतो हे वर गेल्यावर आठवलं, तेव्हा आणखी वर गेलो. खाली गाढव आलं. कुंभाराचं. बराच वेळ माझ्याकडं बघत उभं होतं. सुग्रीवनं उतरवलं. मारुतीचं सोंग आहे, त्याला यावंच लागतं.

टेहळणी पूर्ण. काटे काढायचं काम चालू आहे. छबुबाई सुईनं काढते आणि मधेच खांदे हलवते. रडत असावी.

वद्य द्वादशी. सकाळ, परतीच्या वाटेवर.
काल झालेली लढाई सविस्तर लिहितो. मोठ्या सेनापतींनी असंच लिहून ठेवलेलं असतं.

सटवा स्वतः न्यायला आला, त्यामुळं पळायला वाटच उरली नाही. घाटाखाली काट्यांचं कुंपण, आत मेंढरं. कडूबाई तिथंच तीन दगडांवर भाकरी करत होती. बाई वाळलेली, काळी, हाडापेरानं मजबूत. मला बघून म्हणाली, आलाव, बरं झालं, आधी खावा. भाकरी आणि ठेचा.  सटवा पाणी आणायला लांबच्या ओढ्याला गेला आणि मी दिवस मावळायच्या आत परत निघायचा विचार सुरू केला.

तेवढ्यात वारं सुटलं. मी थरथरायला लागलो. मी सांगितलं, थंडी आहे. कडूबाईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि अंगावरचं घोंगडं काढून मला दिलं. मग तिलाच थंडी वाजू लागली, म्हणून तिनं माझा कोट घातला. मी घालू दिला. सैन्यात याला वेषांतर म्हणतात.

दिवस टेकला आणि मेंढरं एकदम एका बाजूला सरकली. एकाचाही आवाज नाही. कुंपणावर दोन कान दिसले.

पुढचं थोडं आठवत नाही. पाचावर धारण बसते म्हणतात, ती बसल्यावर माणसाला कसं वाटतं ते कुणी सांगत नाही. मला तर काहीच वाटलं नाही. आठवतंय तेव्हा मी डालग्याखाली होतो. कोकरांनी रात्रंदिवस आईला लुचू नये म्हणून ती या मोठ्या, बांबूच्या डालग्याखाली झाकतात. आत चार-पाच कोकरं आणि मी. माझं काळीज इतकं वाजत होतं की कोकरं दचकत होती. फटीतून दिसत होतं. बाहेर कडूबाई, अंगात लाल कोट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तवा. तवा बडवत ती बिबट्याच्या आईबापाबद्दल जे बोलत होती ते रोजनिशीत घालण्यासारखं नाही. तो कुंपणावरून मागं फिरला. ही काटे ओलांडून त्याच्यामागं घाटाच्या पायथ्यापर्यंत धावली.

मी आतून चार्ज अशी ऑर्डर दिली होती. मला स्पष्ट आठवतं. तोंडात लोकर होती म्हणून ऐकू गेली नसेल.

परत येऊन तिनं डालगं उचललं. म्हणाली, कोकरू एखादं दबलं न्हाई ना? मी म्हणालो, न्हाई. तिनं कोट काढून दिला. मी तसाच सटव्याबरोबर पहाटेला निघालो. घोंगडं अंगावरच राहिलं.

तीच द्वादशी. दुपार.
गजब झाला. काल घाट उतरणाऱ्या गाडीत सुग्रीव होता. त्यानं लांबून बघितलं की लाल कोट बिबट्यामागं धावतोय. गावात आधीच बातमी. वेशीवर हलगी, गळ्यात हार. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, त्यात कुणीतरी पेढा घातला. पेढा तोंडात असताना बोलणं बरं दिसत नाही. सटव्यानं काही बघितलंच नव्हतं, तोही नाचला.

आणि नीट विचार केला तर काय खोटं आहे? कोट माझा. मोहीम माझी. ऑर्डर माझी.

कार्तिक अमावास्या.
छबुबाईनं घोंगडं हुंगलं. विचारलं, कोकरं कशी होती? मी म्हणालो, कुठली कोकरं. ती म्हणाली, काही न्हाई.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा.
हे मी विसरलोच होतो. चंपाषष्ठीला नुसतं सोंग मिळत नाही. भंडारा हातात घेऊन वर्षाचं काम सांगावं लागतं. मागं एकानं खोटा भंडारा उचलला, त्याचं तोंड वाकडं झालं. विठ्ठलरावांनी काढा दिला, तर आणखी वाकडं झालं.

आरशात बघितलं. डावी बाजू जरा खाली वाटते.

शुद्ध तृतीया.
बिबट्या परवडला. तो समोरून येतो आणि फिरतो तरी. खंडोबाला तवा वाजवून कुठं हाकलणार? जेवण जात नाही. डोळा लागत नाही. दिवसासुद्धा देवळाच्या बाजूनं जात नाही.

प्लॅन: कडूबाई जत्रेला आली नाही पाहिजे. तिच्यासाठी खणाची चोळी शिवली, घोंगडं धुतलं आणि सटव्याबरोबर पाठवलं. निरोप दिला की थंडी फार आहे, जपावं.

शुद्ध चतुर्थी.
कडूबाईचा उलट निरोप. चोळी झ्याक बसली. ती घालूनच जत्रेला येते.

चंपाषष्ठी. संध्याकाळ.
लिहितो. 

देवळापुढं सगळं गाव. सुग्रीवनं भंडारा उचलला, गाड्या सांगितल्या, मोकळा झाला. मग मी. पाटलांनी माझ्या तळहातावर भंडारा ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, कर्नल, नाव निभावलंस का? होय म्हणायचं, एवढंच काम. लोक टाळ्या वाजवायला हात उचलून बसलेले. गर्दीत कडूबाई होती. ती माझ्याकडं बघतच नव्हती, देवाकडं बघत होती. माझी बोबडी वळली. हात इतका हलला की भंडारा पाटलांच्या जोड्यावर सांडला.

पाटलांनी आधी जोड्याकडं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, कोटात कोण होतं?

मी तोंड उघडलं, त्यातून जो आवाज आला तो मी आधी डालग्यात ऐकला होता.

मग कडूबाईच बोलली. म्हणाली, पाटील, कोट माझ्या अंगात हुता, गारठा लई हुता म्हणून. पण कर्नल कोकराजवळ हुते. त्यांच्यामुळं कोकरं उबंला राहिली, एक बी दगावलं न्हाई. त्यांना कावून बोलताव?

ती मला सांभाळून घेत होती. त्यावर सगळं गाव हसलं. छबुबाईसुद्धा. हे हसणं भीतीचं नव्हतं, तेवढं मला कळलं.

पाटील म्हणाले, मग कर्नलचं सोंग आता कडूबाईचं. विठ्ठलराव म्हणाले, बाईमाणसाला सोंग दिल्याचं कुठं ऐकलं न्हाई. पाटील म्हणाले, खंडोबाला धनगराची बानू चालली, तुमाला ही का चालंना? आणि कोट माझ्या अंगावरून उतरवून घेतला. मी बटणं सोडून दिली. एक अडकलं होतं, ते कसं सोडायचं ते मलाच माहीत.

शुद्ध अष्टमी.
कोट दुकानात आलाय. कडूबाईच्या मापाचा करायचा. गावात दुसरा शिंपी नाही.

आधी ठरवलं होतं की आजारी पडायचं. पण ती माप द्यायला दारात येऊन उभीच राहिली, आणि मला पुन्हा तिचा तवा आठवला. खांदे आत घेतले. बाह्या आखूड केल्या. टीप बारीक घातली. इतकं चांगलं काम मी आजपर्यंत केलेलं नाही, आणि ते करताना रडू आलं. तिनं घालून बघितला, हात वर-खाली केले, म्हणाली, झ्याक. शिलाई म्हणून कोकरू देत होती. मी घेतलं नाही. ते मला ओळखत होतं.

शुद्ध दशमी.
चौसाळ्याहून सिदू नावाचा माणूस घाबराघुबरा आला. त्यांच्या मळ्यात लांडगे उतरलेत. दारातून विचारलं, कर्नलसाहेब हायेत का?

मी सुई सोडून उभा राहिलो होतो. छबुबाई आतून बघत होती.

मी म्हणालो, न्हाईत. मेंढरं घेऊन घाटाखाली गेल्यात. निरोप असंल तर माझ्यापाशी ठेवा, मी त्यांचा शिंपी.