वरच्या वाडीचं पाणी आणि माझं ‘व्हय म्हाराजा’

ओरोस, गुरुवार

आदरणीय कॉस्मे अंकल यांस डेलिशाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, आंटीची शुगर आंटीच्या म्हणण्याप्रमाणे नव्हे तर रिपोर्टाप्रमाणे आटोक्यात असेल, आणि म्हापशाला नळाचं पाणी वेळेवर येत असेल, अशी आशा आहे. (शेवटची चौकशी धंद्याच्या सवयीने. राग नसावा.) मी बरी आहे. मम्मी बरी आहे. मम्मीचा आवाज तर फारच बरा आहे.

तुमचा निरोप पोचला. तुम्ही मम्मीचे थोरले भाऊ, घरातले सगळे कागद तुमच्या हातून जातात, तेव्हा विचारण्याचा अधिकार तुमचाच. प्रश्न मला समजला तो असा: आजोबा गोव्यात पोर्तुगिजांच्या वेळी जन्मले, म्हणून मला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो. तो मिळाला की तुमचा कॉनरॅड मला डब्लिनला बोलावेल, त्याने तिथल्या पाण्याच्या कंपनीत शब्द टाकून ठेवला आहे. पण तो पासपोर्ट घेतला की इथलं नागरिकत्व जातं आणि त्यासोबत पाणीपुरवठ्यातली माझी कनिष्ठ अभियंत्याची नोकरीही. रविवारपर्यंत हो की नाही कळव, म्हणजे लिस्बनला कागद रवाना करतो, असं तुम्ही म्हणता. उत्तर थोडक्यात देता आलं असतं. पण मधे एक प्रकार घडला आहे, आणि तो दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानावर गेला तर त्याला शेपटं फुटतील, म्हणून क्रमाने लिहिते.

इथल्या एका कॉलेजात विमला मॅडम म्हणून प्राध्यापिका आहेत. मुलांना लोकसेवेतल्या नोकऱ्यांची ओळख व्हावी म्हणून त्या दर वर्षी एखाद्या अधिकाऱ्याला धरून आणतात. (‘धरून’ हा शब्द त्यांचाच.) यंदा त्यांनी आमच्या साहेबांना धरलं. साहेबांनी मला पुढे केलं, कारण त्यांच्या मते तरुण मुलांशी तरुण माणसानेच बोलावं, आणि शिवाय त्या दिवशी त्यांच्या मेहुण्याकडे सत्यनारायण होता. मी तयारी करून गेले. परीक्षा कोणत्या, अभ्यास कसा, बदल्या कशा होतात, सगळं पडद्यावर दाखवायचं होतं. वीज गेली. मग मी मुलांनाच विचारलं, सरकारी नोकरी कशासाठी हवी? पुढच्या बाकावरचा केव्हिन म्हणाला, शनिवार-रविवार सुट्टी. मागून कोणीतरी ओरडलं, सरकारी गाडी! एका मुलीने लग्नात वजन वाढतं असं प्रामाणिकपणे सांगितलं. मी सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली, कारण त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. मग सानियाने हात वर केला. ही वेंगुर्ल्याची, वडिलांची मासेमारीची होडी आहे. हिला सरकारी नोकरीतच जायचं आहे, पण घरच्यांना पटवायला ह्या नोकरीतला एक तरी समाधानी नमुना तिला दाखवायला हवा आहे. तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही ह्या नोकरीत खूश आहात?” मी म्हणाले, हा प्रश्न आजच्या विषयात येत नाही. ती म्हणाली, “मगे आजचो विषय काय आसा?” वर्ग हसला. विमला मॅडमही हसल्या. मी पंख्याकडे बघितलं, तो बंदच होता.

उत्तर न देता सुटायचं म्हणून मी म्हणाले, ऐकण्यापेक्षा काम बघा, चला. त्याच दुपारी धामापूरच्या अलीकडच्या एका गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही) आमच्या नव्या नळयोजनेची चाचणी होती. पोरं आनंदाने निघाली. व्याख्यान टळणार म्हटल्यावर कोणीही निघालं असतं.

म्हापशाला राहून तुम्ही एक गोष्ट विसरला असाल. आपल्याकडे पंपाचं बटण हा दुय्यम भाग. आधी नारळ, मग गाऱ्हाणं, मग बटण. गावच्या मानकऱ्याने देवाकडे मोठ्याने एकेक मागणी करायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तिथे कोणी धर्म विचारत नाही. आपण रविवारी चर्चला जाणारी माणसं, पण नाटकाच्या, क्रिकेटच्या, होडी पाण्यात लोटण्याच्या इतक्या गाऱ्हाण्यांना लहानपणापासून उभे राहिलो आहोत, की तो सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं. शिंक येते तसं.

मानकरी दाजींनी हातात नारळ घेऊन सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा, आज ही कॉलेजची पोरां तुझ्या दारात इली आसत, तेंका बरी सरकारी नोकरी मेळांदे!” “व्हय म्हाराजा!” पोरांनी रान हलवलं. “आणि नोकरी मेळल्यार तेंनी लोकांका ‘उद्या येवा, उद्या येवा’ करू नये!” “व्हय म्हाराजा!” आवाज जरा उतरला. (केव्हिनचा ऐकूच आला नाही.) मग माझ्याकडे न बघता दाजी त्याच सुरात म्हणाले, “आणि ही जी इंजिनेर बाय आसा, ती ‘परदेशात जातलंय’ म्हणता, तर वरच्या वाडीत नळाक पाणी येयपर्यंत तिका खंयच जावक दिव नको रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. सगळ्यांत मीही होते.

माझ्या परदेशाची बातमी दाजींना कशी कळली ह्याचा तपास मी केला नाही. मम्मी मालवणच्या बाजारात जाऊन आली होती, एवढं पुरे.

बटण दाबलं. खालच्या वाडीत पाणी आलं, शाळेत आलं. वरच्या वाडीत तुळसा आजी सकाळपासून नळाखाली हंडा लावून बसल्या होत्या. नळ खोकला, त्याने शिटी मारली, आणि मग नुसता वारा सोडला. आजींनी हंड्यात डोकावून बघितलं. “वारो आमका फुकट मेळता गो बाये! पाणी खंय?”

कारण मला माहीत होतं. पाईप टाकताना वाटेत देवचाराची जागा आली. (देवचार म्हणजे गावाची राखण करणारा. त्याच्या वाटेत कोणी खणत नाही.) गावाने पाईप बाजूच्या टेकाडावरून फिरवला, आणि मी हरकत घेतली नाही, कारण देवचाराच्या पुनर्वसनाची तरतूद आमच्या नियमांत सापडत नाही. पाईप असा चढून उतरला की माथ्यावर हवा अडकते आणि पाणी तिथेच थांबतं. हवा बाहेर सोडणारा एक व्हॉल्व लागतो. व्हॉल्वला मंजुरी लागते. मंजुरी देणारे साहेब सत्यनारायणाला. हे सगळं मी पोरांना समजावत होते, तेवढ्यात केव्हिन पाईपला कान लावत लावत टेकाड चढला आणि वरून ओरडला, “मॅडम, हय गुडगुडता!” जागा बरोबर होती. व्हॉल्व शनिवारी बसवत असाल तर आम्ही सगळे येतो, असंही म्हणाला. मी त्याला त्याच्या शनिवारच्या सुट्टीची आठवण करून दिली. तो म्हणाला, ती नोकरी लागल्यावर.

तुळसा आजींनी सगळ्यांना गूळ-पाणी दिलं. ते पाणी त्यांनी खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं होतं. कोणी पेल्यात घोटभरही मागे ठेवलं नाही.

परतताना सानिया गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली. “मॅडम, ता ‘व्हय’ तुम्ही ऐकान म्हटलात, की सवयीन?” मी म्हणाले, सवयीने. तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

तेव्हा अंकल, कागद लिस्बनला सध्या पाठवू नका. हा निर्णय भावनेच्या भरातला नाही, देवाच्या धाकाचाही नाही. अर्धवट योजना दुसऱ्याच्या गळ्यात घालणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे, इतकंच. व्हॉल्व बसला, पाणी चढलं, की पुन्हा बघू. कॉनरॅडला सांगा, डब्लिनला पाऊस भरपूर पडतो, त्यांचं माझ्यावाचून अडणार नाही. आंटीला नमस्कार.

तुमची भाची,
डेलिशा

ता. क. पत्र खरं तर ह्यासाठी लिहिलं: मम्मीला हे तुम्ही सांगा. लिस्बनकडूनच उशीर होतोय म्हणा. तिचा लिस्बनवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजावी. मम्मीला मासळीबाजारातच कळलं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान ताट आपटेल. तिने एवढंच विचारलं, “म्हटलंस? सगळ्यांसमोर?” मी हो म्हणाले. “मगे आता काय! पाणी आण आधी.” आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, “त्या दाजीक गाऱ्हाण्यात लग्नाचा पण घालूक काय झाला हुता?”

ता. क. ३. सानियाला दिलेलं उत्तर अपुरं होतं, आणि तुम्हालाही अपुरंच लिहिलं. दाजी माझ्याबद्दलची मागणी करत असताना खालच्या रस्त्याने चिऱ्यांचा डंपर गेला. देवाला नीट ऐकू गेलं नसेल अशी दाजींना शंका आली, म्हणून त्यांनी तेवढंच वाक्य पुन्हा, सावकाश म्हटलं. पोरांचं लक्ष तोवर नारळाकडे गेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी ‘व्हय म्हाराजा’ एकटी मीच म्हणाले. डंपर तेव्हा लांब गेला होता.