खरखर न्हवं, जवारी

१० ऑक्टो. २००४, रविवार

डबा उघडला शेवटी. वॉरंटी गेली खड्ड्यात.

कमलला मागे एकदा समजावून सांगितलं होतं, की सीडीवर नुसते आकडे असतात, त्या आकड्यांचा परत आवाज करतो तो हा डबा, याला डॅक म्हणतात. तेव्हा भांडं आपटल्यासारखी मोठ्यानं हसली होती. "म्हंजी माझं गानं आकड्यात घातलंय व्हय? मटका हाय का?" आता तसं हसता येत नाही तिला. गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून गळ्यातून नुसती हवा येते. बोलणं कुजबुजीत, आणि गाणं तर नाहीच.

वाडीला दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला गायली होती, त्याची एकच सीडी आहे. तिच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या भावानं कॉम्प्युटरवर धरलं, म्हणून राहिलं. बाकी जन्मभर गायली ते सगळं हवेत गेलं. ही सीडी लावली की आवाज तिचाच येतो, पण कांबळं पांघरून गातेय असा. तो मोकळा आवाज मला घरात परत पाहिजे. दुसरं काही नको.

१७ ऑक्टो.

मुल्लाणीकडे गेलतो. शाळेपासूनचा दोस्त, टीव्ही-रेडिओचे पार्ट विकतो. "सारं गाव मोठा टीव्ही घ्यायच्या मागं लागलंय आनि तू चांगला डबा उसवून बसलायस. वैनी काय म्हंत्यात?" म्हटलं, वैनी काय म्हणणार, तिला बोलता येत नाही. तो वळून कपॅसिटरचा खोका काढायला लागला. मला मुद्दाम बोलायचं नव्हतं तसं. निघून गेलं तोंडातून.

कपॅसिटर चांगल्यातले घेतले. आतली खरी आयसी, आवाज मोठा करून बाहेर सोडणारी, ती मुंबईहून मागवतो म्हणाला. वेळ लागेल.

२३ ऑक्टो.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. कपॅसिटर बसवले आणि डबा घूं करायला लागला. हम. जुन्या फ्रीजसारखा. गाण्याच्या आधी घूं, गाण्याच्या खाली घूं, गाणं संपलं तरी घूं. ट्रान्सफॉर्मर हाताला थरथरतोय. क. स्वयंपाकघरातून आली, दारात उभी राहिली, दोन्ही कानांवर हात ठेवून परत गेली.

वायर इकडची तिकडे केली. नाही. अर्थिंग बदललं. नाही. उचगावातल्या घरांना अर्थिंग आहे की नाही इथपासून शंका.

२८ ऑक्टो.

घशाच्या डॉ.कडे. तेच. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती, सोडवताना नस दुखावली. वर्षभर वाट बघा. "येतो कधी कधी आवाज." आणि नाही आला तर? "तसंही होतं."

येताना बसमध्ये कंडक्टर: "अवो बाई, मोठ्यानं बोला की, कुठलं तिकीट?" क. परत बोलली. "आँ? जेवला न्हाई काय?" मी उठून भांडलो. साऱ्या बसनं बघितलं. तिनं हात धरून मला खाली बसवलं आणि माझ्यापुढनं वाकून त्याला बोटं दाखवली. दोन. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

१२ नोव्हें., दिवाळी

हम गेला. ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढून वेगळ्या खोक्यात ठेवला, एवढ्यानं गेला. आनंद व्हायला हवा होता.

शिकायला येणाऱ्या मुली फराळाला आल्या. पेटीवर क.नं साडीचा तुकडा टाकून ठेवलाय, त्याच्यावरच कुणीतरी चकलीची बशी ठेवली. "बाई, कवा सुरू करायचं परत?" क. हसली नुसती. मुली गेल्यावर बशी उचलली, कापड झटकलं, परत घातलं. मी बघतोय हे तिला माहीत होतं. काही बोलायला पाहिजे होतं मी.

२१ नोव्हें.

आयसी आली. झुरळाएवढी, आठ पायांची. जुनी सोल्डर ओढून काढली आणि तिथं सॉकेट बसवलं, म्हणजे जुनी-नवी अदलाबदल करता येईल. सीडी लावली.

कांबळं उतरलं.

काय लिहू. खोलीत होती. श्वास घेतलेला कळत होता. टाळकरी डावीकडे, ती मधे. डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं. हाक मारली, "अगं कमल, ये की!" ती आली नाही. आतनं भांड्यांचा आवाज.

मग एक अभंग आला. वरच्या सा-वर गेली आणि तिथं खरखर.

२८ नोव्हें.

खरखर जात नाही. सोल्डरचे सगळे टाके परत तापवले. वायरी बदलल्या. व्होल्टेज मोजलं, बरोबर. तरी वरच्या सा-वर आली की पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. नोकरीवर दिवसभर दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करायचे आणि घरी येऊन हे.

मुल्लाणी म्हणतो आयसी डुप्लिकेट असेल. दुसरी मागवू? मागव म्हटलं.

५ डिसें.

दुसरी आयसी. तीच खरखर. त्याच जागी. माझ्याच हातात खोट आहे. एवढी वर्षं टेलिफोनच्या खात्यात काढली आणि बायकोचा एक स्वर नीट वाजवता येत नाही.

शेवटी क.ला हाताला धरून आणलं. पहिल्यांदाच ऐकत होती ती, डबा उघडल्यापासून. बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून ऐकलं. वरचा सा आला. मी म्हटलं, ही बघ, ही खरखर. कुठनं येतेय तेच कळेना.

तिनं पदराला हात पुसले. मग त्या कुजबुजीत, "खरखर न्हवं ती. जवारी हाय."

जवारी? मला जवारी केळी माहीत, जवारी लसूण, जवारी कोंबडी. गावठी माल. म्हटलं, गावठी आहे म्हणतेस डबा? तर मान हलवली. तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सारतात, मग तार झणझणते, तिला जवारी म्हणतात. चांगला तानपुरा असला की ती असायचीच. "मशीन चांगलं झालं म्हनून ऐकू याय लागली. तुमच्या कानाला कुठलं कळायचं!"

खरं आहे. मला कुठलं कळायचं. इतके दिवस चांगल्यालाच वाईट म्हणत बसलो. डब्याचे स्क्रू घट्ट केले. झोप लागेल आज.

६ डिसें.

मुल्लाणीला सांगितलं. "जवारी? कोंबडी घातलीस काय आत?" पोट धरून हसलो दोघं. बऱ्याच दिवसांनी.

१९ डिसें., रविवार

क. बहिणीकडे हातकणंगल्याला गेली. दत्तजयंती जवळ आली, वाडीहून कुणीतरी यंदाही गायला बोलवायला येईल, त्याच्या आधीच गेली असं मला वाटतं.

एकटाच होतो. सीडी पहिल्यापासून लावली. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा वाजतो थोडा वेळ. नीट ऐकला. झणझण आहे, गोड आहे. खरखर नाही.

परत ऐकला. नाही.

पुढे ती गाते, खालच्या पट्टीत, मधल्या पट्टीत. तानपुरा मागे चालूच. खरखर नाही. वर जाते, तिथं येते. खाली उतरली की जाते.

विकतची एक बासरीची सीडी लावली. कितीही वर जाऊ दे, स्वच्छ. मग जुनी आयसी बसवून क.ची परत लावली. कांबळं आलं, खरखर गेली. नवी बसवली. आली.

म्हणजे घोडं कुठं पेंड खातंय ते

डबा बरोबर आहे. डबा पहिल्यापासून बरोबर होता.

२० डिसें.

कामावर गेलो नाही. क. संध्याकाळी आली, बहिणीनं दिलेला गूळ घेऊन. "जेवला न्हाईसा?" म्हटलं, भूक नाही. मी विचारलं नाही काही.

२ जाने. २००५

विचारलं. मेथी निवडत होती.

"कवापासनं?" असं मी म्हटलं फक्त. काय ते तिला लगेच कळलं. पान खुडायची थांबली नाही.

"वाडीला. तितंच पयल्यांदा. वरचा सा लावला आनि कायतरी अडकलं. कुनाला न्हाई कळलं. तुमी तर म्होरंच बसलेलासा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी गानं बंदच पाडलं असतं. डागदर बी तेच म्हनला असता." मग जुडी झटकली. "दीड वरीस गायलो की मी."

आणि जवारी म्हणून मला फसवलंस ते? "मग काय सांगू? तुमी एवढं कवतिकानं दावत हुता."

स्क्रू ड्रायव्हर फेकला मी. भिंतीला लागून पडला. राग कुणाचा आला ते अजून कळत नाही. तिचा आला. माझा आला. पुढच्या सतरंजीवर बसून माना डोलावणाऱ्या या कानांचा आला. तिनं उठून स्क्रू ड्रायव्हर उचलला, माझ्या टेबलावर नीट ठेवला आणि मेथी धुवायला गेली.

५ जाने.

एकटाच डॉ.कडे गेलो. तिला कामावर जातो म्हणून सांगितलं. विचारलं, दोन वर्षांपूर्वी दाखवली असती तर? ते चष्मा पुसत राहिले. "गाठ लहान असताना नस बऱ्याचदा वाचते. पण..." आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

त्या 'पण'च्या पुढं काय होतं ते विचारायला परत जाणार नाही.

क.ला सांगितलं नाही. ती विचारणारही नाही. कुठं गेलतो ते तिला चपलांवरूनसुद्धा कळतं.

८ जाने.

सीडी लावायचा धीर होत नाही. घरात तिचा एकच आवाज शिल्लक होता आणि मी हात धुऊन त्याच्या मागे लागून त्यातनं ती गाठ बाहेर काढली. आता तिचं गाणं लावलं की मला गाठ ऐकू येते. गाणं सुरू होतं आणि मी वरच्या सा-ची वाट बघत बसतो, कंडक्टरसारखा. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मुल्लाणी म्हणाला, "जुनी आयसी घाल आनि इसर." सोपं आहे. कांबळं परत पांघरायचं. ते मला जमेल असं वाटत नाही. हे असं ऐकणंही जमत नाही. इतका हरलेलो मी तिच्या ऑपरेशनच्या दिवशीही नव्हतो. तेव्हा निदान करायला काहीतरी आहे असं वाटायचं.

१० जाने., सोमवार

सोमवारची लाईट गेलेली. सुट्टी टाकली. खिडकीशी बसून डबा उघडला, आयसी काढली. आता दोन्ही आयसी पेपरवर शेजारी शेजारी, सॉकेट रिकामं. जुनीत तिचा आवाज चांगला आहे, पण लांब. नवीत ती खोलीत आहे, पण

क.ला विचारलं, कुठली बसवू? "तुमच्या डब्यातलं मला काय इचारता?" गेली. मग दारातनं परत वळली. "पेटीवरचं कापड धुवाय काडलंय. वाळलं की घाला." परत गेली. "च्या ठेवतो."

कापड वाळलं असेल एव्हाना. घातलं नाही मी.

आत्ता, हे लिहिताना, घूं. बारीक. तोच जुना हम. सवयीनं ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला. गार. वायर तर मीच सकाळी गुंडाळून ठेवलीय आणि गल्लीभर लाईट नाही. थांबला. परत आला. स्वयंपाकघरातनं येतोय. मधेच तुटतो, घासतो, परत लागतो. गॅसचा असेल म्हणावं तर गॅस असा वर चढत नाही.

हाक मारली नाही. उठलोसुद्धा नाही, पाट सरकला तर थांबेल. पेनाचासुद्धा आवाज होतोय कागदावर. खरखर आहे की जवारी, मला कुठलं कळायचं