मिठाच्या फळीवरचा कागद

अंबरनाथ (पूर्व),
१२ फेब्रुवारी १९९२

प्रिय मालू,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार पानं पाठपोट, आणि जागा संपली म्हणून कडेनं उभ्या ओळी. आधी कामाचं सांगते, कारण मी मागचं सांगायला लागले की मूळ गोष्ट राहून जाते. ते मिठाचं कार्ड प्रदर्शनात द्यायचं नाही. मंडळाचे शरदचंद्र सर रविवारी संध्याकाळी ते न्यायला येणार म्हणतेस, तर त्यांना चहा दे, पोहे दे, कार्ड देऊ नकोस. ते मला परत हवं आहे. मंडळाचा पाचवा नियम मला पाठ आहे, ‘पाठवलेले कार्ड परत मागू नये.’ मी मागते आहे.

आणि मुळात या मंडळात मला घातलं कोणी? मला न विचारता तू फॉर्म भरलास, सहीसुद्धा माझी तूच केलीस. मला कळलं ते सरांचं सायक्लोस्टाईल केलेलं पत्रक दारात पडलं तेव्हा. ‘हस्तपत्र मंडळ, बदलापूर. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत बावीस सभासद. दर दोन महिन्यांनी एक विषय. त्या विषयावर हाताने कार्ड करावे आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी आपल्याला येईल त्यास पोस्टाने पाठवावे. पाकीट वापरू नये. कार्डात एक तरी वस्तू घरातली, वापरलेली असावी.’ मी बदलापूरला येऊन तुला विचारलं, हे काय आहे, तर म्हणालीस, “वहिनी, एकटी बसून कुढत राहतेस, त्यापेक्षा बरं.” मी कुढत नव्हते गं. मी वाचत होते. एकटी बाई गप्प बसून वाचत असली की लोकांना ती कुढतेय असं का वाटतं, देव जाणे.

पहिला विषय ‘खिडकी’. मी आपली खरी खिडकी पाठवली, जुन्या जाळीचा तुकडा पुठ्ठ्याला टाके घालून. पोस्टात कुणाचं तरी बोट कापलं, आणि मला सरांकडून दोन पानी समज आली. मला आलं ते काय, तर चकचकीत कागदाचा सूर्यास्त. खिडकी कुठे आहे ते मी अजून शोधते आहे. मग ‘संक्रांत’. एका बाईनं खरा तिळगूळ चिकटवला. आपला पोस्टमन बबन दारात पिशवी झटकत म्हणाला, “मावशी, तुमच्या मंडळाला सांगा, माझ्या पिशवीत वारूळ झालंय.” मधले काही विषय सोडते, मग ‘हात’. बाविसातल्या अकरा जणांनी कागदावर पंजा ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवली. शेजारची बनूबाई माझ्या टेबलावरची कात्री, खळ, चिंध्या बघून म्हणाली, “पोरं नाहीत घरात, म्हणून म्हातारपणी तूच बालवाडीत जायला लागलीस का गं?” तिचा नातू माझ्याकडून खळ घेऊन जातो पतंगाला, ते मात्र तिला चालतं.

तर ‘मीठ’. या वेळी लोक मीठच चिकटवणार हे मला माहीत होतं. तसंच झालं. वाटेत ओल धरली, शाई पसरली, बबन म्हणाला, “मावशी, हे कार्ड आहे की पापड?” मला ते करायचं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात पाच फळ्या आहेत. त्यांच्यावर काड्यापेटीच्या लेबलांचे मोठे ताव घातलेले आहेत, ते तू लग्नाआधीपासून बघत आलीस. कारखान्याच्या छपाई खात्यात रंग सरकला की ताव बाद व्हायचा आणि तुझा दादा तो मागून घरी आणायचा. एका तावावर शंभर पोपट, आणि शंभरांची चोच अंगापासून वेगळी. दर दिवाळीत फळ्या पुसून नवे ताव तोच घालायचा, मला हात लावू द्यायचा नाही, म्हणायचा, “तू तिरके घालतेस.” शेवटचे त्यानं पंच्याऐंशीच्या दिवाळीत घातले. तेव्हापासून मी ते बदललेले नाहीत. आळस म्हण.

मिठाच्या बरणीखालचा कागद ओलीनं फुगून तपकिरी झाला होता, बरणीच्या बुडाचा गोल उमटला होता, त्या गोलात पाच-सहा पोपट. मला वाटलं, मीठ म्हणजे हेच, आणखी काय दाखवायचं? गोलाभोवती कापलं, मागच्या बाजूला खळ फासली, पुठ्ठ्यावर दाबलं, वर पाटा ठेवला. चष्मा तेव्हा उल्हासनगरला दुरुस्तीला. तो चष्मेवाला तीन आठवडे “भाभीजी, कल पक्का” म्हणत होता. त्यामुळे कागदाच्या मागे काय आहे ते मला दिसलं नाही. मागे काही असेल असं मनातही नव्हतं. चिठ्ठीत तुझं नाव आलं होतं, तुझा पत्ता घातला, पेटीत टाकलं. तू लिहितेस की हा देवाचा संकेत. बावीस चिठ्ठ्या आहेत मालू, आज ना उद्या तुझं नाव येणारच होतं.

आणि आता तुझं हे पत्र. तुझ्या उमाला तिच्या संग्रहासाठी तिकीट हवं होतं, म्हणून तू कार्ड ताटलीत पाण्यात घातलंस. खळ सुटली, पोपटांचा कागद पुठ्ठ्यापासून वेगळा झाला, उलटा तरंगला, आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं तुझ्या दादाचं अक्षर. कारखान्यातली ती जाड पेन्सिल. शाई असती तर गेली असती. तू लिहितेस, “वहिनी, सहा वर्षांनी का होईना, तू मला दादाचं अक्षर दिलंस, आणि तेही असं लपवून, की मला ते शोधावं लागलं. माझ्या मनातलं सगळं धुऊन निघालं.” सरांना दाखवलंस, सरांचे डोळे भरून आले, आणि आता वाचनालयाच्या खोलीत काचेखाली ते मांडायचं, खाली माझं नाव. ‘गुप्त संदेश’ म्हणे!

मी काही लपवलं नाही. मी तुला काही दिलंही नाही. त्याच्या अक्षरावर मी माझ्या हातानं खळ फासली आणि वर पाटा ठेवला, एवढंच झालं. हे न सांगता गप्प बसणं सोपं होतं. दोन दिवस बसूनही बघितलं. पण तू ज्या गोष्टीसाठी मला माफ केलंस ती मी केलेलीच नाही, आणि तशी माफी घेऊन मला तुझ्या घरचा चहा गोड लागायचा नाही.

तेराव्याला तू मागितलं होतंस ते मी विसरलेले नाही. “वहिनी, दादाच्या हातचं काहीतरी दे, एक ओळ असली तरी चालेल.” मी म्हणाले, सगळं रद्दीत गेलं. तुला वाटलं मी खोटं बोलतेय. मग वाटलं, खरं असेल तर ही बाई दगड आहे. दोन वर्षं तू माझा उंबरा चढली नाहीस. बदलापूरहून येताना अंबरनाथला न उतरता थेट उल्हासनगरला साड्या घ्यायला जायचीस, हे मला कळत होतं. पण ते खरंच होतं. रद्दीवाल्याला मी स्वतः हाक मारली होती.

का ते आता ऐक. मी चामटोलीहून आले तेव्हा तिसरी नापास. शाळेपेक्षा भाताची खाचरं मोठी होती. लग्नानंतर पहिल्या पाळीला निघताना तुझा दादा चहाच्या टोपावर एक कागद ठेवायचा, कारण त्याची निघायची वेळ आणि चाळीच्या नळाला पाणी यायची वेळ एकच, मी हंडे घेऊन रांगेत असायची. बाद तावाच्या कोऱ्या बाजूला एक ओळ. तो घरी येईपर्यंत ती मला वाचता आली पाहिजे. तू गोड कल्पना करू नकोस. ‘रॉकेलची रांग उद्या.’ ‘डाळीत खडे होते.’ ‘चप्पल शिवायला दिली का?’ बावीस-तेवीस वर्षांत त्या ओळींत एक प्रेमाचा शब्द नाही. पण मी वाचायला शिकले, मग वाचनालयाची वर्गणी भरली, मग सुटलेच. वाचता यायला लागल्यावरही त्यानं ओळ लिहायची सोडली नाही. वाचून झालेले कागद कोपऱ्यात रचून ठेवायचा. वाया काही घालवायचं नाही.

पंच्याऐंशीच्या श्रावणात एकदा मी वाचत बसले आणि भात करपला. त्याचे दोन मित्र जेवायला आलेले. त्यांच्यासमोर तो म्हणाला, “हिला वाचायला शिकवलं, तीच माझी चूक झाली.” मित्र हसले. मी वाढलं, ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी नळावरून आले तर टोपावर कागद होता. मी तो वाचला नाही. उचलला आणि तसाच ढिगात घातला. तेवढा एकच, एवढ्या वर्षांत. संध्याकाळी तो माझ्याकडे बघत होता, मी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा रॉकेल, डाळ, सुरू. दिवाळीत त्यानं ढिगातले काही ताव फळ्यांवर घातले. जानेवारीत कारखान्यात छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. त्याचं बाकी बोलणं माझ्या कानातून हळूहळू गेलं, मालू, तेवढं एक वाक्य राहिलं. तेराव्याच्या आधीचे ते दिवस, कोपऱ्यातल्या त्या ढिगाकडे बघितलं की मला वाटायचं, शंभरदा लिहिलेली एकच चूक आहे ही. म्हणून रद्दीवाला.

तू पत्रात कार्डावरची ओळ उतरवून पाठवलीस आणि खाली भाबडेपणानं विचारलंस, “काल म्हणजे कधी गं? काय बोलला होता दादा?” काय बोलला होता ते वर लिहिलं. आणि तुझ्या अक्षरात मी जे वाचलं ते असं: ‘काल उगाच बोललो. भात करपू दे. पुस्तक पुरं करून मला सांग शेवटी काय होतं.’ सहा वर्षं ती ओळ मिठाच्या बरणीखाली होती. मी रोज दोनदा ती बरणी उचलत होते. त्याला वाटलं असणार की मी वाचली, आणि वाचून काही बोलले नाही. पुस्तकाचा शेवट मी त्याला कधी सांगितला नाही.

सोमवारपासून घरात पसारा आहे. चार फळ्या उतरवल्या, डबे, बरण्या सगळं जमिनीवर. जे चार जण माझ्याकडून डबा नेतात त्यांना काल जिऱ्याऐवजी ओव्याची फोडणी गेली. चारही फळ्यांचे ताव उलटून बघितले. कोरे आहेत. चष्मा आलाय, खिडकीशी नेऊन बघितले, कोरेच. पाचवी सगळ्यात वरची, पितळेची भांडी असतात ती. तिथला ताव मी उचललेला नाही. स्टूल आहे, पण फळीची उंची तुमच्या घराण्याच्या मापाची, माझा हात मागच्या कडेपर्यंत जात नाही असं मी बनूबाईला सांगितलं. तिनं नातवाला पाठवते म्हटलं, मी नको म्हटलं. हात जातो मालू. पण तो कागद एकटीनं उलटायचा धीर मला नाही, आणि याच्यासाठी हे पत्र आहे. वर कार्ड परत मागितलं आहे ते आता खोडत नाही, पान खराब होईल. तसं ते तुझ्याकडेच राहू दे, फक्त काचेखाली लोकांना वाचायला नको, आणि मला एकदा ती ओळ त्याच्या अक्षरात वाचू दे. रविवारी सर यायच्या आत, सकाळीच निघ, कार्ड वहीत घालून आण. वरचा ताव तू उचल. काही लिहिलेलं निघालं तर मोठ्यानं वाच, मग ते रॉकेलचं असलं तरी चालेल. आणि कोरा निघाला तर नवे कागद घालू. मी आणून ठेवलेत. तूच घाल. मी तिरके घालते.

तुझीच, अजून रागातच असलेली,
अंजनीवहिनी