सात माणसांसाठी तीन हॉटेलं

मकाव,
१४ मार्च

ती. थोरले दादा यांच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, लानचा, नवरा मोक ची-किन याचा सादर नमस्कार. तुमचा दुखरा गुडघा डावा की उजवा हे मला नेमकं आठवत नाही (हे खातं लानकडे होतं, इपोहमधल्या तुम्हां सगळ्यांचं कुठलं हाड कुठल्या ऋतूत दुखतं ते तिला पाठ होतं), म्हणून दोन्ही गुडघ्यांची एकदमच विचारपूस करतो. वहिनींचा रक्तदाब आणि तुमचं कॉफीचं दुकान दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. मी उत्तम आहे. जेवण वेळेवर असतं. चहाच्या दुकानातली बाई अजूनही माझ्या टेबलावर दोन कप मांडते आणि मग एक उचलून नेते, पण ती तिची सवय, त्यात माझ्या प्रकृतीचा काही संबंध नाही.

तुमचं पत्र पावलं. चिंगमिंगच्या पितरांच्या सणाला लानचं थडगं झाडायला तुम्ही सातजण येणार हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही मला हॉटेलांबद्दल विचारलंय. "जावईबापू, तुम्ही तिथलेच, तुम्हाला सगळं ठाऊक. धाकट्या मुलाला झगमगाट हवा, थोरल्याच्या पोरांना पाणी हवं आणि आम्हां म्हाताऱ्यांना स्वस्त आणि मऊ हवं. तुम्हाला उगाच त्रास नको, म्हणून हॉटेलातच उतरू." त्रास नको हे वाक्य वाचून तुमच्या मनाचा मोठेपणा कळला. माझं घर दोन खोल्यांचं आहे आणि त्यात मी एक आहे, तेव्हा तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल. मला त्याचं काही वाटलं नाही. तरी हे वाक्य इथे उतरवून काढतोय, कारण पोस्टात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला मजकुराचा हवाला द्यायची सवय असते.

आता खरं सांगायचं तर हॉटेलांविषयी मला विचारणं म्हणजे न्हाव्याला दाताचं विचारणं. आम्हां सरकारी नोकरांना कॅसिनोत पाऊल टाकायला वर्षातून तीन दिवस परवानगी, नववर्षाचे पहिले तीन. आणि त्या तीन दिवसांत लानची ड्यूटी हटकून लागायची, कारण पत्ते वाटणाऱ्यांना सगळ्यांत जास्त काम तेव्हाच. मी नवा कोट घालून जायचो, जुगार न खेळता खांबाआड उभा राहून तिच्याकडे बघायचो, आणि ती एकदाही मान वर करायची नाही. पाळी संपली की मात्र टेबलावरून उठताना एकदा टाळी वाजवून दोन्ही तळहात वर छताकडे, कॅमेऱ्याला दाखवायची, म्हणजे हातात काही लपवलेलं नाही. (घरी भांडी घासून झाल्यावरही तेच. मी विचारायचो, "अगं, इथे कॅमेरा कुठाय?" ती म्हणायची, "तुम्ही आहात ना.") तर सांगायचा मुद्दा, माझं कॅसिनोचं ज्ञान एका खांबाआडचं आहे. तरीही तुमच्या शब्दाखातर मी गेले पंधरा दिवस हॉटेलं पालथी घातली. आता मी पेन्शनर, त्यामुळे बंदी उठली आहे, आणि हॉटेलांच्या बसगाड्या फुकट आहेत. बंदरावरून एकीत बसायचं, हॉटेलाशी उतरायचं, मागच्या दाराने निघून दुसऱ्या हॉटेलाच्या बसमध्ये बसायचं. माझ्यासारखे पुष्कळ जण दिवसभर हेच करतात. गाडीत गारवा असतो आणि शेजारी माणूस असतो.

धाकट्यासाठी 'मोर महाल' पाहिला. दारातच तीन मजली सोन्याचा मोर आहे आणि तो दर अर्ध्या तासाने पिसारा फुलवतो. तुमच्यासाठी मी तो नऊ वेळा पाहिला. सहाव्या वेळेनंतर आवाज येतो, तेल कमी पडत असावं. संडासाचं झाकण माणूस आत शिरताच आपोआप वर होतं. दादा, गेल्या वर्षभरात मी आत आलो म्हणून जागेवरून उठलेली ही पहिलीच गोष्ट, त्यामुळे मी नकळत तिला मान लववली. पण एका न्याहारीचा दर ऐकून मी तिथल्या मुलीला विचारलं, "यात मोर पण खायला देता काय?" ती हसली नाही. शिवाय खोलीतून कुठेही जायचं म्हटलं तरी वाट जुगाराच्या टेबलांमधूनच जाते, आणि धाकट्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तो टूथपेस्ट आणायला निघाला तर विमानाच्या वेळेलाच सापडेल. सबब, मोर महाल बाद.

तुमच्या आणि वहिनींच्या खिशाला मानवेल असं 'सुखशांती' जुन्या बंदराजवळ आहे. स्वच्छ आहे. मालक भला माणूस आहे, माझ्याकडून एके काळी तिकिटं न्यायचा. खिडकी उघडली की समोरच्या घरातल्या आजीबाई आपल्या हातातली वाटी घेऊ शकतील इतक्या जवळ बसलेल्या असतात. मला ते फार आवडलं, मी अर्धा तास त्यांच्याशी गप्पा मारत बसलो (त्यांचा मुलगा कॅनडात, सून बोलत नाही, मांजर आजारी). पण लिफ्ट दुसऱ्या मजल्यापासून सुरू होते आणि तुमचे गुडघे पहिल्यापासून. सबब, सुखशांतीही बाद.

राहिलं 'सात समुद्र'. पोरांसाठी यात लाटांचा तलाव आहे, लाटा दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून सोडतात. मी काउंटरवर सांगितलं की सातजण इपोहहून येणार, मला खोली बघायची आहे. तिथली एक हसरी मुलगी मला अठराव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत घेऊन गेली. तेवढ्यात तिला फोन आला. "काका, तुम्ही निवांत बघा, मी खाली आहे," म्हणून ती गेली. मी कपाट बघितलं, पडदा ओढून बघितला, आणि तुमच्या पाठीसाठी गादी कशी आहे हे बघायला बूट काढून जरा टेकलो. दादा, चादर ताणून घातलेली होती. उशीवर कुणीतरी हाताने थोपटून खळगा केला होता. आमच्याकडे अशी चादर आता कुणी घालत नाही, माझी सुरकुतते आणि एका कडेला लोंबते. मला केव्हा डोळा लागला ते कळलं नाही.

पुढचं घडलं त्यात खरं म्हणजे कुणाचाच दोष नाही. वर झाडलोट करायला उंग काकू नावाची बाई होती, पन्नाशीची, तिच्या यादीत ती खोली रिकामी. आता रिकाम्या खोलीत शिरताना आपण काय करतो ते तुम्हाला मी काय सांगायचं. तिने रीतीप्रमाणे तीनदा ठोठावलं, आत जे कोणी न दिसणारं राहत असेल त्याला बाजूला व्हायला सवड मिळावी म्हणून, आणि म्हणाली, "पाहुणे, जरा सरकून बसा हं, खोली आवरायचीय." अर्धवट झोपेत मला वाटलं की लान पाळी संपवून आली. ती किल्ली नेहमी विसरायची. मी आतून म्हणालो, "ये गं, दार उघडंच आहे. चहा ठेव."

बाईने टॉवेलांचा ढीग तिथेच टाकला आणि जिन्याने सोळाव्या मजल्यापर्यंत पळाली. दहा मिनिटांत दोन पहारेकरी, एक मॅनेजर आणि हातात पेटती उदबत्ती घेतलेला एक आचारी दारात उभे. मी मोज्यांवर उभा राहून नमस्कार केला. मॅनेजर म्हणाला, "आजोबा, खोलीतलं काही घेतलं तर नाहीत?" मी एक टाळी वाजवली आणि दोन्ही तळहात वर करून दाखवले. कुणाला काही कळलं नाही, पण मागून उंग काकू धापा टाकत म्हणाली, "अहो, ही तर डीलर लोकांची खूण. तुम्ही डीलर होतात?" मी म्हणालो, "नाही. बायको होती." मग मॅनेजर जरा मऊ झाला आणि आचाऱ्याने उदबत्ती विझवली.

उंग काकूने मला टॉवेलांच्या खोलीत बसवून आपल्या थर्मासमधला चहा दिला. आता तिचं तोंडही सुरू झालं होतं. "तेवीस वर्षं दारं ठोठावतेय मी. एकदाही कुणी ओ दिली नव्हती. आणि दिली ती काय, तर चहा ठेव म्हणे." मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "राहू द्या. खरं सांगू का, ठोठावून झाल्यावर मी नेहमी जरा थांबते. थांबायलाच शिकवलंय. पण ओ आली तर पुढे काय करायचं, ते कुणीच शिकवलं नाही." आम्ही दोघं हसलो. मग तिने विचारलं, "तुम्ही आपल्या घरी शिरताना ठोठावता की नाही? दिवसभर रिकामंच असतं ना?" मी म्हणालो, "स्वतःच्या घराचं दार कोण ठोठावतं?" तिने माझा कप पुन्हा भरला.

तर तीनही हॉटेलं पाहून माझा निष्कर्ष असा की सातजणांना एकाच वेळी मानवेल असं हॉटेल मकावमध्ये नाही. मोरात धाकटा बुडेल, सुखशांतीत तुमचे गुडघे जातील, आणि सात समुद्रमध्ये खोलीपासून न्याहारीपर्यंत अकरा मिनिटं चालावं लागतं, पोरं वाटेतच उपाशी मरतील. यापेक्षा अधिक काय लिहू. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना पापे, आणि वहिनींना म्हणावं, मिरचीचं लोणचं संपलं आहे.

तुमचा,
मोक ची-किन

ता.क. वरच्या निष्कर्षात थोडी गफलत आहे. सात समुद्रमधलं अंतर वाटेत दुकानं बघत थांबलं नाही तर चार मिनिटांचं आहे. तिथे चाकाची खुर्चीही देतात. गादी उत्तम आहे, हे मी तासभर तपासलं आहे. तुम्हाला हॉटेलातच उतरायचं असेल तर डोळे मिटून तिथे उतरा, आणि अठराव्या मजल्यावर माझं नाव सांगू नका.

ता.क. दुसरा. थडग्यापुढे ठेवायचं भाजलेलं डुक्कर मी आख्खं सांगून ठेवलं आहे. एकट्या माणसाने मागितलं तर दुकानदार मांडीचा तुकडा बांधून देतो आणि वर विचारतो, "पुरेल ना?" या वेळी मी त्याला सात आणि एक आठ असं मोठ्याने सांगितलं. पाच गाद्या आणल्या आहेत, चादरी ताणून घालायचा सराव चालू आहे. लोकांना कळू नये म्हणून खिडकी लावून करतो.

ता.क. तिसरा. त्रास नको हे तुमचं वाक्य नाही हे मी ओळखलं आहे. तुमच्या सूनबाईंना आमच्या घरात रात्र काढायची भीती वाटते, हे फोनवर धाकट्या नातवाने सांगून टाकलं. त्याला रागावू नका, सूनबाईंनाही नको, आपल्याकडे असं वाटतंच. त्यांना एवढंच सांगा की लान घरात गेली नाही, हॉस्पिटलात गेली. घरातून ती चालत निघाली, जेवायच्या वेळेपर्यंत येते म्हणून. आणि तरीही शंका असेल तर सांगा की उंग काकूंनी विचारल्यापासून मी रोज संध्याकाळी घरी आलो की आधी तीनदा ठोठावतो आणि चांगला पाच मिनिटं दाराशी थांबतो. शेजारी हसतात, हसोत. दादा, मी खात्रीने लिहून देतो, घरात कुणीही नाही. सूनबाईंनी खुशाल यावं. आल्यावर फक्त दार ठोठावा, मी आतच असेन.