चौदावा दगड आणि बेरिलचे कांदे

थिसलबरी,
जुलैचा दुसरा मंगळवार

प्रिय मिल्ड्रेडताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. (उजव्याची गेल्या पत्रात तक्रार नव्हती म्हणून त्याला वगळलं, त्याने राग मानू नये.) स्कारबरोची समुद्रावरची हवा तुला मानवते आहे आणि समोरच्या बाईंचा कुत्रा अजून भुंकतो आहे हे वाचून बरं वाटलं, म्हणजे हवेबद्दल. इकडे सगळे खुशाल आहेत. मी नाही, पण ते ओघाने येईलच. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि "क्लेमेंट, मुद्द्याचं बोल" म्हणतेस. पत्रात तुला ते करता येत नाही, म्हणून चहाची किटली शेजारी घेऊन निवांत लिहायला बसलो आहे.

तर यंदा हद्दफेरीचं वर्ष होतं. दर सात वर्षांनी मे महिन्यात आपली अख्खी नगरपंचायत, मागे पाद्री आणि त्यांच्या मागे हौशी मंडळी, विलो झाडाच्या छड्या घेऊन गावाच्या शिवेवरून चालतात, दर दगडापाशी थांबून त्याला छड्यांनी झोडतात आणि "खूण! खूण! खूण!" म्हणून ओरडतात, हे तुला सांगायला नको. (लहानपणी तू दगड सोडून मलाच झोडलं होतंस, ते मी विसरलेलो नाही.) दर दगडावर कुणाला तरी उलटं धरून हलकेच आपटायचं, म्हणजे हद्द जन्मभर लक्षात राहते, हीसुद्धा जुनी रीत. पण आता सुरक्षेचा फॉर्म आला आहे. फॉर्मप्रमाणे अठराच्या आतल्याला आपटायचं नाही आणि साठीच्या पुढच्याला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आपटायचं नाही. आम्ही निघालो एकतीस जण आणि त्यात या दोन वयांच्या मधे बसणारे एकटे पाद्री डनक निघाले, वय चोपन्न. बिचाऱ्यांना तेरा दगडांवर तेरा वेळा आपटलं. नवव्या दगडानंतर तर ते स्वतःच चष्मा काढून, खिसे रिकामे करून तयार राहू लागले. भला माणूस आहे. अजून बसताना जरा सावकाश बसतो.

आता तू म्हणशील, तेराच का, दगड तर चौदा आहेत. तिथेच तर सगळं अडलं. तेरावा दगड 'तीन बदकं' या दारूच्या गुत्त्याच्या अंगणात आहे. आपल्या आजोबांच्या काळापासून हद्दफेरी तेराव्या दगडाला पोचली की आत वळते, आणि चौदावा दगड झोडला असं धरून चालतात. गेल्या साठसत्तर वर्षांत चौदावा दगड पाहिलेला माणूस गावात नाही, आणि त्याची कुणाला कधी गरजही पडली नाही. यंदा नेमकं 'तीन बदकां'चं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, दाराला फळ्या ठोकलेल्या. आम्ही एकतीस माणसं घसा कोरडा करून अंगणात उभी. आमच्या नगराध्यक्ष प्राउटबाई (त्या तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही सभेत पेपरमिंट चघळणाऱ्याला थुंकायला लावतात) म्हणाल्या, "रडायला काय झालं सगळ्यांना? एक दगड राहिलाय. रांग धरा, आणि टिंडल, मोजे वर ओढा." (हे शेवटचं मला.) जुना नकाशा उघडला गेला. नकाशातली रेघ सरळ जात होती ती बेरिल स्प्रॅगच्या घरात.

बेरिल माझी शेजारीण, तू तिला तिच्या नवऱ्याच्या, अर्नल्डच्या, दफनाच्या वेळी भेटली होतीस; हिरवी टोपी, मोठ्याने हसते ती. तिच्या दारात एकतीस माणसं छड्या घेऊन उभी राहिली, तर ती एवढंच म्हणाली, "पाय पुसून या हं, आत्ताच फरशी पुसलीय." मग आम्ही एकेक करून पाय पुसून स्वयंपाकघरातून पलीकडे निघालो, त्याला चाळीस मिनिटं लागली, कारण प्रत्येकाने आधी मागच्याला "तुम्ही पुढे व्हा" म्हटलं. तोवर तिने चहा केला, शहाजिऱ्याचा केक कापला. परसात जाऊन पाहतो तर चौदावा दगड पाण्याच्या पिंपावर, झाकण उडू नये म्हणून ठेवलेला. पिंप जमिनीत अर्धं रुतलेलं, म्हणजे दगड आज आलेला नव्हे हे उघड. आणि बेरिलचा कांद्यांचा वाफा पिंपाच्या पलीकडे, तीन पावलांवर. म्हणजे शिवेपलीकडच्या कोल्डहॅम गावात.

मिल्ड्रेडताई, हा वाफा म्हणजे काय हे तुला स्कारबरोला बसून कळायचं नाही. सप्टेंबरच्या भाजी प्रदर्शनात मोठ्या कांद्याचा चषक अकरा वर्षं बेरिलकडे आहे, आणि अकरा वर्षं दुसरा नंबर माझा आहे. नियम एकच: कांदा थिसलबरीच्या मातीत वाढलेला हवा. अर्नल्डने ती माती तीस वर्षं एकाच जागी कालवली. समुद्री शेवाळ, कोंबड्यांची शीट, चुलीतली राख आणि आणखी एक गोष्ट जी तो मरताना फक्त बेरिलच्या कानात सांगून गेला. (मी तेव्हा खोलीत होतो. फार हळू बोलला.) तो गेल्यावर पहिल्या वसंतात ती रोज सकाळी त्या वाफ्याशी स्टूल टाकून बसायची आणि अर्नल्डशी बोलायची. वाफा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ज्याच्याजवळ ती नवऱ्याशी अजून बोलते, ते सगळं पिंपाच्या त्या बाजूला निघालं होतं.

हे एकतीसही जणांनी पाहिलं. सगळे केकबद्दल बोलू लागले. पाद्री डनक तर शहाजिऱ्यावर दहा मिनिटं बोलले, उभ्यानेच. ते तसंच निभावलं असतं, चहा पिऊन आम्ही घरी गेलो असतो आणि पुढच्या सात वर्षांत 'तीन बदकां'चं छप्पर झालं असतं. पण प्राउटबाईंना अर्धवट गृहपाठ चालत नाही. त्या म्हणाल्या, "हद्द जशी आढळली तशी स्वीकारावी." आणि ताई, मी तोंडात केक असताना हात वर केला आणि म्हणालो, "अनुमोदन."

तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण मी बावीस वर्षं या पंचायतीत आहे आणि बावीस वर्षांत हेच एक काम केलं आहे. ठराव कुणी तरी मांडतं, मी अनुमोदन देतो, मग सगळे घरी जातात. ऐकायची सवयच राहिलेली नाही. चिटणीस फेनसाहेबांनी तिथल्या तिथे, साखरेच्या डब्यावर वही ठेवून इतिवृत्तात लिहिलं. आणि एकदा इतिवृत्तात गेलं की ते देवालाही खोडता येत नाही. पंचायतीच्या नियमाप्रमाणे झालेला ठराव सहा महिने पुन्हा उघडता येत नाही. मे ते सप्टेंबर सहा महिने होत नाहीत. मी बोटांवर तीनदा मोजले.

मग गावात झालं काय, की मी हे चषकासाठी केलं. तोंडावर कुणी म्हणालं नाही, आपल्याकडे म्हणत नाहीत. पण पोस्टात मला बघून दोघी बायका एकदम हवेबद्दल बोलायला लागल्या, आणि वाणी म्हणाला, "काय टिंडल, यंदा कांदे बरे आहेत म्हणे?" आणि बेरिलचं ऐक. तिने इतक्या वर्षांत माझ्याकडून नेलेल्या मुरंब्याच्या बरण्या धुऊन, पुसून, झाकणं लावून कुंपणाच्या भिंतीवर ओळीने मांडून ठेवल्या. एकोणीस बरण्या. वर चिठ्ठी: "मिस्टर टिंडल, तुमच्या बरण्या. आभारी आहे." तीस वर्षांत तिने मला मिस्टर टिंडल म्हटलेलं नव्हतं. मी त्या आत आणल्या आणि ओट्यावर मांडून त्यांच्याकडे बघत बसलो. माझा कांदा यंदा खरोखरच मोठा आहे, उखळीएवढा. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी क्षणभर मनात येऊन गेलं की आता आपला नंबर. पण ज्या प्रदर्शनात बेरिल पलीकडच्या टेबलामागे उभी राहून मला चिडवणार नाही, तिथला चषक घेऊन मी करू काय? डोळ्यांत पाणी आलं, आणि कांदा तर अजून जमिनीत होता.

तेव्हा जूनच्या सभेत मी उभा राहिलो. मी उभा राहिलो म्हटल्यावर फेनसाहेबांनी सवयीने "अनुमोदन: टिंडल" लिहूनही टाकलं. मी म्हटलं, खोडा, मला बोलायचंय. प्राउटबाई म्हणाल्या, "टिंडल, बाहेर जायचं असेल तर नुसती करंगळी दाखवा." सगळे हसले. मग मी सांगितलं की चौदावा दगड मुळात वाफ्याच्या पलीकडे, कुंपणाच्या अगदी कडेला होता. मी आठ वर्षांचा असताना तो हातगाडीवर घालून आमच्या कासवाच्या थडग्यावर ठेवायला नेला होता, मग वडील रागावले म्हणून परत नेऊन टाकला, तो चुकीच्या जागी. दगड हलवलेला निघाला तर ठराव आपोआप रद्द होतो, हे मी आदल्या आठवड्यात नियमांची वही वाचून काढलं होतं. (बावीस वर्षांत पहिल्यांदा वाचली. बरी आहे.) प्राउटबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कासव कशाने गेलं?" मी म्हटलं, म्हातारपणाने. पाद्री डनक हळूच म्हणाले, "देव त्याला शांती देवो." निर्णय पुढच्या सभेत, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक देत जा, आणि त्या कुत्र्याच्या बाईंशी भांडू नकोस, तुला नंतर वाईट वाटतं.

तुझा धाकटा,
क्लेमेंट

ता. क. : आपल्याकडे कासव कधीच नव्हतं हे मला मान्य आहे. ते सभेत उभा असतानाच आठवलं, पण तोवर फेनसाहेबांनी लिहून घेतलं होतं. आणखी एक लहानशी गोष्ट. प्राउटबाईंनी "साक्षीला कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, हातगाडी माझ्या ताईने ढकलली होती. त्यांचं पत्र तुला एकदोन दिवसांत येईल. तू रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलंस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर तुझ्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही. कासवाचं नाव मी ड्यूक सांगितलं आहे, ते बदलू नकोस.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं ते फोडून लिहितो आहे. आत्ता बेरिल येऊन गेली. दारातच म्हणाली, "क्लेमेंट, तू महामूर्ख आहेस." (मिस्टर टिंडल नाही, हे ध्यानात घे.) म्हणाली, "कासव कसलं आणि हातगाडी कसली! तो दगड अर्नल्डने हलवला. वाफ्याच्या कडेला पाय लागायचा म्हणून उचलून पिंपावर ठेवला, तीस वर्षांपूर्वी. वाफा सगळा थिसलबरीतच होता. मला तोंडच उघडवेना, मेलेल्या माणसाचं नाव इतिवृत्तात कसं घालू?" म्हणजे मी जे खोटं बोललो ते जवळजवळ खरंच निघालं, फक्त माणूस चुकला आणि कासव जास्तीचं झालं. मी म्हटलं, मग गुरुवारी खरं सांगून टाकू. तिने खिडकीतून वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको. त्याने आयुष्यात एकच नियम मोडला, तोही कांद्यांसाठी. तो आपल्या दोघांतच राहू दे. तुझं नाव राहू दे वहीत, तुला शोभतंही." तेव्हा गुन्हेगार मीच राहतो आहे आणि ढकलणारी तूच. पत्राचं उत्तर लगेच टाक. जाताना तिने एकोणीसच्या एकोणीस बरण्या टोपलीत घालून परत नेल्या.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : आईची निळ्या खड्याची अंगठी तुझ्याकडेच आहे ना? टपालाने पाठवू नकोस, गुडघा बरा असेल तर स्वतः घेऊन ये. दारात वळून बेरिल असंही म्हणाली, "आणि काही विचारायचं असेल तर सप्टेंबरच्या आत विचार. प्रदर्शनानंतर तू महिनाभर तोंड पाडून बसतोस." विचारणार आहे. पण तुला माहीतच आहे, बावीस वर्षांत मी कुठलीही गोष्ट पहिल्यांदा बोललेलो नाही. तू शेजारच्या खुर्चीत बस, आणि मी तिसऱ्या वाक्याला अडखळलो की नेहमीसारखं म्हण, "क्लेमेंट, मुद्द्याचं बोल."